तिसऱ्या लाईनीवरचा माणूस

आमच्या धंद्यात एक पट्टी असते. बाकी जगाच्या हिशेबानं ती खोटी, पण आमचं तिच्यावाचून चालत नाही. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. म्हणून ज्या लाकडी नमुन्यावरून साचा करायचा तो नमुना, आम्ही त्याला पॅटर्न म्हणतो, मूळ मापापेक्षा जरा मोठा करावा लागतो. दर वेळी आकडेमोड कोण करत बसणार? त्यापेक्षा पट्टीच मोठी केलेली बरी. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढा जास्त असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी अशा पट्टीवर आयुष्य काढलं. घरात फळी ठोकायची झाली तरी हात तिच्याकडंच जायचा आणि फळी कोनाड्यात बसायची नाही. आई म्हणायची, "गावाची मशिनं करतोस आन् घरातली एक फळी बसंना व्हय रं तुला?"

पट्टीचं पुराण सांगायचं कारण, तिच्यावर मी एकदा घरात रेल्वे केली होती. फळीवर बसवलेली, तीन लाईनींची, पितळी रुळांची. पण हौस म्हणून नव्हे. हौशी लोकांच्या गाड्या बोगद्यातनं जातात, त्यांना दिवे असतात, पोरं टाळ्या पिटतात. माझ्या गाडीला इंजिनसुद्धा नव्हतं. ती हातानं ढकलायची होती, आणि ढकलून एका माणसाच्या अंगावर घालायची होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रेल्वेत सांधेवाले होते. मिरजेच्या वाटेवरच्या एका लहान स्टेशनात. नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. तेव्हा छोटी लाईन होती. स्टेशनात तीन लाईनी. पहिलीवर पॅसेंजर थांबायची, दुसरीवर मालाचे डबे उभे राहायचे आणि तिसरी गुळाच्या गोदामाकडं जायची. इंजिन डब्यांना धक्का देऊन सोडून द्यायचं, मग डबे आपल्या वेगानं घरंगळत जायचे. ते दुसरीवर जाणार की तिसरीवर, हे आबांच्या हातात. सांध्यापाशी लोखंडी दांडा असायचा. तो इकडचा तिकडं टाकला की रूळ सरकायचे. काम म्हणाल तर एवढंच, पण त्यात माणूस मरू शकतो.

आणि मेलाच. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आबांचे जोडीदार राहायचे, मी त्यांना चाचा म्हणायचो. डबे जोडायचं आणि सोडायचं काम त्यांच्याकडं. दोन डब्यांच्या मधे शिरायच्या आधी ते डब्याच्या अंगावर दोनदा थाप मारायचे, बैलाला जुंपायच्या आधी मारतात तशी. लहानपणी मी विचारलं होतं, असं का करता म्हणून. तर म्हणाले, "त्येला सांगाय लागतंय बाबा, मी आत हाय म्हणून." आबा आणि चाचा एकाच डब्यातला तंबाखू खायचे. ईदेला आमच्याकडं शिरखुर्मा यायचा आणि संक्रांतीला आमची बाजरीची भाकरी त्यांच्याकडं जायची. भांडण कधी ऐकलं नाही.

पावसाळ्यातल्या एका दिवशी दुपारच्या सुमाराला चाचा तिसऱ्या लाईनीवर उभ्या असलेल्या दोन डब्यांच्या मधे जोडणी करत होते. आणि जे डबे दुसरीवर जायचे, ते तिसरीवर आले. मी तेव्हा उद्यमनगरात नुकताच कामाला लागलो होतो. निरोप मिळून मी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. आबा अंगणात बसले होते आणि आई त्यांच्या पायांवर पाणी ओतत होती. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ओततच होती.

पुढं चौकशी झाली. आबांनी सांगितलं, त्यानंच झेंडी दाखवून तिसरी लाईन मागितली, म्हणून मी दिली. मग तो मधे कशाला शिरला ते मला ठाऊक नाही. साहेब लोकांनी ते लिहून घेतलं. मेलेला माणूस काय साक्ष देणार? चूक चाचांची ठरली आणि प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे कागदावर मिटलं. चाचींच्या घरात ते मिटलं नाही. त्या दिवशी सकाळी चाचींचं आणि चाचांचं वाजलं होतं. चुलीवरचा पत्रा गळत होता आणि चाचा आज करतो उद्या करतो म्हणत टाळत होते. चाचींनी चूलच पेटवली नाही. म्हणाल्या, आधी पत्रा, मग भाकरी. चाचा तसेच ड्युटीवर गेले. मग आबांची साक्ष त्यांच्या कानावर आली, आणि त्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला. उपाशी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. मीच उपाशी धाडला, म्हणून त्याची झेंडी चुकली. त्या दिवसापासून चाची सकाळी काही खायच्या नाहीत. दुपारचा भोंगा झाल्याशिवाय पाण्याखेरीज पोटात काही जायचं नाही. बायका विचारायच्या, रोजा हाय काय? चाची म्हणायच्या, "ह्यो रोजा न्हाय. रोजा सुटतो."

वर्षं गेली. मोठी लाईन आली, आबा रिटायर झाले आणि आम्ही सगळे कोल्हापुरात भाड्याच्या घरात राहायला आलो. चाची आधीच भावाच्या आसऱ्याला इथं आल्या होत्या, आमच्यापासनं एक गल्ली सोडून. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायच्या. दर आठवड्याला एकदा आमच्याकडं यायच्या, आईशी दोन शब्द बोलायच्या आणि जाता जाता आबांना एकच विचारायच्या, "भावजी, त्येंनी खरंच झेंडी दावली व्हती का वो?" आबा मान खाली घालून म्हणायचे, "व्हय." चाची निघून जायच्या. मला ह्या विचारण्याचा भयंकर राग यायचा. माझा बाप काय खोटं बोलतोय? एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, आता आणखी काय गळ्यात पाटी बांधून हिंडू दे?

मग आबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. गेली म्हणजे पुरती गेली असती तरी परवडलं असतं. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला. व्हय. पाणी पाहिजे? व्हय. नको? व्हय. थंडी वाजते? व्हय. दिवाबत्ती झाली तरी व्हय आणि माशी बसली तरी व्हय. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण तोंडातून दुसरा शब्द येणार नाही. लिहिता तर आधीपासनंच नावापुरतं यायचं, आणि तो हातही गेला.

चाची आल्या. नेहमीसारखं विचारलं, "भावजी, झेंडी दावली व्हती?" "व्हय." मग हळूच म्हणाल्या, "का दावली न्हवती?" "व्हय," आबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. चाची माझ्याकडं वळल्या. "आता मला कोण सांगणार रं पोरा?" मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला नाही. त्या एवढ्या वर्षांत केवढ्या वाळल्यात ते मी पहिल्यांदा बघितलं.

रेल्वेची कल्पना माझी नव्हे, आबांचीच म्हटली पाहिजे. चाची एकदा काम घेऊनच बसल्या होत्या. वाकळ आबांच्या खाटेवर पसरली होती आणि तिच्यावर धाग्याच्या लांब सरळ ओळी. आबांनी डावा हात पुढं केला. एक ओळ बोटानं धरली, तिच्यावरनं बोट सरकवत नेलं, दोन ओळी जिथं जवळ आल्या होत्या तिथं थांबवलं आणि चाचींकडं बघितलं. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. चाचींचा हात सुईवरच राहिला. मी म्हणालो, "आबा, स्टेशन?" "व्हय," ते म्हणाले. त्या व्हयचा भरवसा नव्हता, पण बोटाचा होता.

मी ठरवलं, स्टेशन करून त्यांच्या पुढ्यात ठेवायचं. आबा एकदा करून दाखवतील, चाचांनी कुठं झेंडी दाखवली, कसे आत शिरले. चाचींची खात्री पटेल आणि हे सगळं कायमचं संपेल. मला बापाचं नाव साफ करायचं होतं. खोटं कशाला सांगू, चाचींच्या जिवापेक्षा तेव्हा मला तेच मोठं वाटत होतं.

आईला हे आवडलं नाही. भांडी घासता घासता म्हणाली, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे. मेल्याली माणसं उकरून काय मिळणार हाय?" मी म्हणालो, "मुठीत काय हाय ते कळू दे की." ती त्या एकाच तांब्याला राख घासत राहिली.

सुट्टीच्या दिवशी मी त्या स्टेशनात जाऊन आलो. काही राहिलं नव्हतं. नवी लाईन, नवे खांब, गोदामाची एक भिंत तेवढी उभी. फाटकाजवळचं चिंचेचं झाड होतं. झाड आणि भिंत यांच्यामधलं अंतर पावलांनी मोजून घेतलं, बाकीचं आठवणीतनं काढलं. गेटवरचा माणूस म्हणाला, "काय हरवलंय काय पावणं?" मी म्हणालो, "न्हाय, सापडतंय का बघतोय."

कारखान्यात सागवानाचे तुकडे पडलेले असायचे, त्यांचे रुळांखालचे स्लीपर केले. रूळ म्हणून पितळेच्या बारीक पट्ट्या. त्या माझ्या एका लेथवाल्या दोस्तानं कापून दिल्या, डब्यांची चाकंही त्यानंच काढून दिली. सांधा करायला सगळ्यात वेळ लागला. रुळांची दोन टोकं निमुळती घासायची, ती एका दांडीला जोडायची, दांडीला लिव्हर. पॅटर्नच्या कामात असलं बारीक काम असतं, पण पॅटर्न हलत नाही. हे हलायला पाहिजे होतं आणि घट्ट बसायलाही पाहिजे होतं. आबा खाटेवरनं बघायचे. चुकीचं काही ठेवलं की डाव्या हातानं ढकलून द्यायचे. गोदाम मी दोनदा लावलं, दोनदा ढकललं. तिसऱ्यांदा हात मागं घेतला तेव्हा मी खिळा मारला.

माणूस एकच केला होता, चाचा. बोटाच्या पेराएवढा, खाली शिशाचा थेंब लावून उभा राहील असा. आबांनी तो उचलला, डोळ्यांपुढं धरला, मग खाली ठेवून माझ्या मनगटाला धरलं. सोडेनात. आई दारातनं म्हणाली, "त्येंचा सोताचा कर म्हणत्यात." दुसरा माणूस करून सांध्याशेजारी उभा केला. आबांनी मनगट सोडलं.

चाचींना बोलावलं. दुपारची वेळ, आबांच्या खाटेला लावून दोन लाकडी खोक्यांवर फळी. चाची डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसल्या. मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी काय झालं ते करून दावा." आबांनी लांबच्या टोकाला ठेवलेल्या डब्यांना ढकललं. डबे नीट आले, सांध्यापाशी आले, आणि पहिल्या डब्याचं चाक खाली गेलं. डबा आडवा पडला. मी परत उभा केला. परत पडला. बघतो तर सांध्याच्या अलीकडं रूळच अपुरा, मधे करंगळी जाईल एवढी फट. आबांनी तळहातानं फळीवर एक रट्टा मारला. चाची उठल्या. "ऱ्हाऊ दे पोरा. वरच्याच्या मनात न्हाय." आईनं त्यांना चहा केला होता, तो तसाच राहिला.

मी डोकं धरून बसलो. दोस्ताला जाऊन शिव्या घालणार, की गाढवा रूळ आखूड कापलेस. पट्टी काढून रूळ मोजले. बरोबर. फळीवरच्या खाचा मोजल्या. त्याही बरोबर. दोन्ही बरोबर आणि मधे फट, हे कसं? मग हातातल्या पट्टीकडं बघितलं. रूळ मोजताना मी घरातली साधी पट्टी घेतली होती आणि खाचा मोजताना खिशातली. खाचा सगळ्या माझ्या धंद्याच्या पट्टीनं आखल्या होत्या, लोखंड आकसेल म्हणून मोठ्या. इथं कुठलं लोखंड ओतायचं होतं? फुटागणिक गव्हाचा एक दाणा, असं करत करत सांध्यापर्यंत बोटभर खड्डा. मी एकटाच हसलो आणि मग पटाशी भिंतीवर फेकून मारली. तिचा खड्डा पुढं रंग देईपर्यंत भिंतीत होता.

ठिगळ लावून चाललं असतं, पण ठिगळावर डबा उडतो, आणि मला उडायला नको होता. सगळ्या खाचा बुजवून पुन्हा पाडायला घेतल्या. तेवढ्यात आबांचं जास्त झालं. घास घशात अडकायला लागला. डावा हातही थरथरायला लागला. आई त्यांना पेज भरवायची, अर्धी बाहेर यायची. एकदा ती चमचा ठेवून म्हणाली, "आता तरी थांब. त्येंना सुखानं जाऊ दे." मी म्हणालो, "सुखानं जातील काय असं?" त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान वळवली. तरी थांबलो नाही. कारखान्यातनं आलो की तोंड धुवायच्या आधी फळीपाशी. आबा झोपलेले असले तरी पटाशीच्या आवाजानं डोळे उघडायचे.

दुसऱ्यांदा चाचींना बोलवायला मीच गेलो. त्या येईनात. "काय उपेग हाय?" म्हणाल्या. मी म्हणालो, "चाची, माझी पट्टी चुकली होती. वरच्याची न्हाय." मग आल्या.

आबांना उशा लावून बसवलं. मी दोन डबे तिसऱ्या लाईनीवर उभे केले, बाकीचे लांब ठेवले. सांधा नुसताच मधे होता. आबांनी आधी तो तिसऱ्या लाईनीकडं टाकला. बरोबरच होतं, उभे डबे त्याच वाटेनं आत गेले असणार. मग आपला माणूस दांड्यापाशी ठेवला. चाचांचा माणूस उचलला, तिसऱ्या लाईनीवरच्या डब्याशेजारी आणला आणि थांबले. मग त्यांनी एका बोटानं डब्याच्या अंगावर दोनदा थाप मारली.

चाचींच्या तोंडातनं बारीक आवाज निघाला. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला. मी ह्याची आबांना आठवण करून दिली नव्हती, कुणीच दिली नव्हती.

आबांनी चाचांना दोन डब्यांच्या मधे उभं केलं. मी वाट बघत होतो. आता झेंडी. आता सांध्याचं काहीतरी. आबांचा हात सांध्याकडं गेला. त्यांनी दांड्याला हात लावला नाही. तिथं उभा असलेला स्वतःचा माणूस उचलला आणि त्याला चालवत नेलं. लाईनी ओलांडून, फाटकाकडं, फळीच्या पार कडेपर्यंत. तिथं मी चिंचेचं झाड म्हणून एक काटकी रोवली होती. तिच्याखाली त्याला ठेवला, लाईनीकडं पाठ करून. दांडा जसा होता तसा, तिसऱ्या लाईनीकडं. मग हात मागं आणला आणि डबे ढकलले.

ह्या वेळी काही अडलं नाही. चाकं फट न लागता, आवाजाशिवाय गेली. सांध्यावर वळली, तिसऱ्या लाईनीवर गेली आणि उभ्या डब्यांना जाऊन लागली. चाचा आडवे पडले.

मी म्हणालो, "आबा, झेंडी कुठाय? चाचांनी झेंडी दाखवली ती?" "व्हय." "मग दावा. पुन्यांदा करा." माझा आवाज चढला होता. त्यांनी पुन्हा केलं. थाप, चाचा आत, स्वतःचा माणूस चिंचेखाली, पाठ करून. जरासुद्धा फरक नाही. आबांचा माणूस दांडा सोडून झाडाखाली कशाला गेला होता, तंबाखूला, लघवीला, की पावसात उभं राहून कंटाळला म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. विचारलं असतं तर व्हय म्हणाले असते.

मला वाटलं चाची आता तळतळाट देतील. द्यायला पाहिजे होता. मी असतो तर फळी उचलून आबांच्या डोक्यात घातली असती. चाची बराच वेळ त्या आडव्या माणसाकडं बघत राहिल्या. मग आईला म्हणाल्या, "वैनी, म्हंजी त्ये उपाशी व्हते म्हणून न्हाय."

आई म्हणाली, "न्हाय."

"झेंडी चुकली न्हवती त्येंची."

"न्हाय चुकली."

चाचींनी हात पुढं करून डब्यांच्या मधनं तो माणूस उचलला, पदराला पुसला आणि मुठीत धरला. "ह्यो मी नेते," म्हणाल्या. आबांकडं त्यांनी बघितलं नाही. चपला घालून गेल्या.

त्या गेल्यावर मी आईला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती पेजेची वाटी उचलत म्हणाली, "मला कुणी इचारलं का कवा?" आणि आत गेली. एवढी वर्षं दर आठवड्याला तिनं चाचींना चहा करून दिला होता.

मी फळी काढणार होतो. आबांनी काढू दिली नाही, हात तिच्यावर टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातनं आलो तर बघतो, त्यांचा खेळ चालला होता. आपला माणूस चिंचेखालनं आणून दांड्यापाशी उभा केला होता. दांडा दुसऱ्या लाईनीकडं टाकलेला. डबे ढकलायचे, डबे दुसरीवर जायचे, जिथं जायला पाहिजे होते तिथं. मग आबा तिसऱ्या लाईनीकडं बघायचे. तिथं दोन डबे, आणि मधे कोणी नाही. ते वाकळ चाचपायचे, उशीखाली हात घालायचे, माझ्याकडं बघून त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवायचे. व्हय, व्हय, व्हय. रडायचे. रोज हेच.

आईला बघवेना. एका सकाळी म्हणाली, "जा, चाचीकडनं ते बाहुलं मागून आण. चार दिसांचं माणूस हाय, दे त्येच्या हातात."

गेलो. उद्यमनगरचा सकाळचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. चाची उंबऱ्यात उन्हाला बसल्या होत्या. पुढ्यात ताटली, ताटलीत भाकरी आणि खर्डा. खात होत्या. घाईनं नव्हे, चवीनंही नव्हे, कामाला निघायच्या आधी माणसं खातात तसं. ताटलीच्या पलीकडं उंबऱ्यावर तो माणूस उभा केलेला होता. मला बघून त्यांनी घास चावून संपवला आणि म्हणाल्या, "बस पोरा. भाकरी खा." मी बसलो. त्यांनी चतकोर मोडून दिला, तो खाल्ला. खर्डा झणझणीत होता. कशाला आलास असं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "न्हाय दिलं?" मी म्हणालो, "मागितलंच न्हाय." ती म्हणाली, "मग दुसरं कर. तुला काय अवघड हाय?" अवघड काहीच नव्हतं. सागवान होतं, पटाशी होती, शिसं होतं. चहा उकळेपर्यंत झालं असतं. पण मी केलं नाही. ज्याला मारला आणि वर ज्याच्यावर आळ घातला, त्याला आता रोज दुपारी खाटेवर बसून वाचवायची सोय मी करून देणार नव्हतो. बाप होता, मरायला टेकला होता, मला दया येत होती, तरी नव्हतो देणार.

आबांनी माझी चाहूल ऐकून मान वळवली होती. त्यांचं लक्ष माझ्या हातांकडं होतं. मी त्यांच्यापुढं जाऊन दोन्ही हात उघडून दाखवले.

"व्हय," आबा म्हणाले.